अठरा नखांचा हिशेब

(चांदूर रेल्वे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मी ढोरांचा डॉक्टर. व्यासपीठाची मला सवय नाही. माझी तीस वर्षं गोठ्यात, बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर आणि मधूनमधून जंगलखात्याच्या जीपमध्ये गेली. ज्या गुरुजींच्या नावानं तुम्ही ही माला चालवता, ते मला शाळेत शिकवायला नव्हते. माझी त्यांची ओळख झाली ती एका आडव्या आलेल्या वासरामुळे. गाय त्यांची, रात्र पावसाची, वीज गेलेली. कंदील धरून ते दोन तास माझ्याजवळ उभे होते. वासरू निघालं, उभं राहिलं, मी हात धुतले, आणि तिथंच ओसरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही मेलेलं जनावर फाडून पाहता म्हणतात. काय दिसतं त्यात?" मी म्हटलं, "कशानं मेलं ते दिसतं." ते जरा थांबले. "आणि कोणासाठी मेलं, ते दिसतं का?"

मी हसून वेळ मारून नेली. शिक्षकाला शोभेलसा प्रश्न, एवढंच तेव्हा वाटलं. पुढं नोकरीत जसजशी जंगलातली जनावरं टेबलावर येत गेली, तसतसा तो प्रश्न मला छळू लागला. त्याचं उत्तर जमेल तेवढं आज देतो. गुरुजी ऐकायला नाहीत. उशीर माझाच.

वाघाला नखं किती असतात? पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एकूण अठरा. सुळे चार. वाघ मेला की त्याचं शवविच्छेदन एकट्यानं करायचं नसतं. डॉक्टर एकाहून जास्त, वनाधिकारी, व्याघ्र प्राधिकरणाचा माणूस, संस्थेचा प्रतिनिधी असे सगळे हजर लागतात आणि चित्रीकरणही होतं. पंचनाम्यात नखं मोजून लिहितात, दात मोजून लिहितात, कातडं पूर्ण आहे असं लिहितात. मग ते सगळं धूड लाकडांवर ठेवून सर्वांसमक्ष जाळायचं. काहीही मागं ठेवायचं नाही. एखादं नखही नाही.

एकदा अशाच एका चितेजवळ आम्ही उभे होतो. ज्या म्हाताऱ्यानं आम्हाला सकाळपासून चहा पाजला होता, तो हळूच जवळ आला. "डॉक्टर साहेब, एक नख भेटन का? नातवाले गळ्यात घालाचं हाय. भेव वाटते त्याले रातच्यानं."

आता हा म्हातारा काही तस्कर नव्हता. सोन्यात मढवलेलं वाघनख पोराच्या गळ्यात घालायची हौस आपल्याकडे नवी नाही. माझ्या लहानपणी ते बऱ्या घरचं लक्षण होतं. सराफाकडे आजही हळू आवाजात विचारणारे आहेत, आणि त्यांच्या गळ्यात शिंगाचं कोरलेलं नकली नख बांधणारेही आहेत. (शिवाजी महाराजांचं वाघनख पोलादाचं होतं. त्यासाठी एकही वाघ मारावा लागला नाही, हे शौर्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) म्हाताऱ्याला मी नाही म्हटलं. तो चिडला नाही. जळणाऱ्या चितेकडे पाहत एवढंच म्हणाला, "मंग काय, राखच." चांगली वस्तू वाया गेली, असा तो सूर होता. माझ्या मते आजचा विषय त्या सुरातच आहे. मेलेल्या वाघाचं काहीतरी आपल्याजवळ राहिलं पाहिजे, ही ओढ कुठून येते?

कायद्यात या वस्तूला 'ट्रॉफी' म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तिची व्याख्याच आहे: जनावर अख्खं असो की त्याचा एखादा भाग, टिकवून ठेवला की ती ट्रॉफी. मराठीत याला नेमका शब्द मला सापडला नाही. आपण मुंडकं म्हणतो, कातडं म्हणतो, शिंगं म्हणतो. ट्रॉफी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कबड्डीचा कप येतो. कप जिंकायचा तर समोर दुसरा संघ लागतो, आणि आपण खेळतो आहोत हे त्या संघालाही माहीत असावं लागतं. वाघाला ते कोणी सांगितलेलं नसतं.

माझ्या मामाच्या वाड्यात बिबट्याचं एक मुंडकं होतं. बैठकीत, घड्याळाच्या वर. जबडा उघडा, जीभ प्लास्टरची, तिला लाल रंग दिलेला, डोळे काचेचे. दिवाळीत कंदिलाच्या उजेडात ते डोळे हलल्यासारखे वाटायचे आणि आम्ही पोरं पांघरुणात शिरायचो. मुंडक्याखाली एक फोटो होता. मामाचे आजोबा बूट-पट्ट्या बांधून बंदूक टेकून बसलेले, पायाशी बिबट्या. हा फोटो मी शंभरदा पाहिला असेन. डॉक्टर झाल्यावर एकदा नीट पाहिला, तेव्हा बिबट्याच्या मागच्या पायाला दोर दिसला. तो दोर फोटोच्या कडेपर्यंत जात होता, आणि कडेला एक हात होता. मनगटापर्यंतच. हाताचा धनी चौकटीच्या बाहेर.

मामाला विचारलं. तो म्हणाला, "असेल कोणी पारधी. त्यांनीच तर धरून दिला होता." म्हणजे माग काढला पारध्यानं, फास लावला पारध्यानं, आणि मचाणावरून शेवटची गोळी तेवढी आमच्या पणजोबांची. मुंडकं त्यांचं झालं. पारध्याला काय मिळालं हे मामाला आठवत नव्हतं.

हे आमच्याच घरचं आहे असं नाही. शिकारीचा बडेजाव साऱ्या हिंदुस्थानात असाच उभा राहिला. इंग्रज सरकार वाघ मारणाऱ्याला इनाम देत असे, पिल्लांचंही देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानं १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाखांवर लांडगे मारले गेले. सरगुजाचे महाराज एकट्यानं अकराशेवर वाघ मारल्याचं सांगत. शेजारच्या कोरिया संस्थानाच्या राजानं १९४७ मध्ये एका रात्री तीन चित्ते टिपले, ते आपल्या देशातले मूळचे असे शेवटचे म्हणून मोजले जातात. म्हैसूरला व्हॅन इंगेन नावाच्या घराण्याचा भुसा भरण्याचा कारखाना होता. वाघ-बिबटे मिळून चाळीस हजारांवर धडं-मुंडकी त्या एका कारखान्यातून बाहेर पडली. भुसा भरणारे कारागीर अप्रतिम होते, हेही सांगायला हवं. आमच्या मामाकडचं मुंडकं मात्र कोणा नवशिक्याचं असावं. बिबट्या तिरळा दिसायचा.

साहेब गेला तरी हौस गेली नाही. स्वातंत्र्यानंतर तिला परकीय चलनाचा मान मिळाला. नागपुरातच 'ऑलविन कूपर' नावाची कंपनी होती. परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देण्याचा तिचा धंदा होता. मचाण, हाकारे, तंबू, जेवण आणि शेवटी कातडं मायदेशी रवाना, सगळं एका रकमेत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ भरले. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट आलं.

बंदी आल्यापासून 'शिकार' या शब्दाला 'चोरटी' हे विशेषण चिकटलं. पण एक गंमत पाहा. बंगल्यातल्या मुंडक्यांची मालकी कायदेशीर झाली. ज्यांनी मुदतीत जाहीर केलं त्यांना प्रमाणपत्र मिळालं, २००३ मध्ये राहिलेल्यांना सहा महिन्यांची आणखी एक संधी मिळाली. फोटोच्या कडेचा तो हात मात्र, जो काल कामाचा होता, तो एका रात्रीत गुन्हेगार झाला. खरं तर तो आधीपासूनच गुन्हेगार होता. १८७१ च्या कायद्यानं सरकारनं अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यात पारधी आले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला. चांदूरच्या बाजारात पारध्याची बाई टोपली घेऊन आली की आपण खिशावर हात ठेवतो की नाही, ते ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

मी पारध्यांना संत ठरवायला उभा नाही. तितर, लावे, ससे, हरणं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली आणि विकली. पण शिकारीला नियम असतो, हे मला कोणत्याही पुस्तकाआधी एका फासेपारध्यानं शिकवलं. त्याची शेळी माझ्याकडे आली होती, फऱ्या झालेली. बोलता बोलता फासाचं निघालं. म्हणाला, "पोटुशी हरणी सापडली त सोडाची. पिल्लूबी सोडाचं. थे बिजवाई व्हय, डॉक्टर. बिजवाई खाल्ली त पुढच्या साली पेरसान काय?"

बिजवाई म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको. घरात दाणा नसला, पोरं उपाशी निजली, तरी पेरणीसाठी गाडग्यात राखलेल्या ज्वारीला माय हात लावत नाही. तोच हिशेब त्यानं हरणाला लावला होता. पुढं वाचनात आलं की माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही हेच आढळलं. फासेपारधी गाभण काळविटी आणि पाडसं सोडून देत. शिवाय एकाच टापूत फिरणाऱ्या जमातींनी जनावरं जणू वाटून घेतली होती. फासेपारध्यांचा भर फासावर, नंदीवाल्यांचा कुत्र्यांच्या जोरावर डुक्कर-साळिंदरावर, वैदूंचा लहान मांसभक्षी प्राण्यांवर. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही.

आमच्या जुन्या ग्रंथांनीही शिकारीवर खल केला आहे. मृगया हे राजाचं व्यसन मानलं, जुगार आणि मद्याच्या पंगतीला बसवलं. कौटिल्य मात्र तिची थोडी बाजू घेतो. जुगारापेक्षा शिकार बरी, व्यायाम होतो, नेम सुधारतो, जनावराचं मन कळतं, असं त्याचं म्हणणं. व्यवहारी माणूस! पण मला महाभारतातली पंडूची गोष्ट जास्त जवळची वाटते. किंदम ऋषी हरणाच्या रूपात मादीशी रत असताना पंडूनं बाण मारला. मरता मरता ऋषी काय म्हणाला? हरीण मारलंस म्हणून मी दोष देत नाही, राजे मारतातच. पण तू थोडं थांबला का नाहीस? त्याची तक्रार वेळेची होती. शाप मिळाला तो त्या उतावीळपणाबद्दल.

हे आठवायचं कारण तणमोर. आपल्या अकोला-वाशिमकडच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात येणारा हा पक्षी. पावसाची सर येऊन गेली की नर उंच गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवतो, पाय आकसतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसातून शेकडो वेळा. सगळा खटाटोप मादीनं पाहावं म्हणून. साहेबांच्या काळात बंदूकवाल्यांना ही उडी फार सोयीची पडली. एरवी गवतात न दिसणारा पक्षी नेमका विणीच्या दिवसांत स्वतःहून पत्ता सांगत होता. त्यांनी तो भरपूर मारला. त्यांच्यातल्याच काही जाणत्यांनी तेव्हाही निषेध केला, पण बार थांबले नाहीत. किंदमाची तक्रार तणमोराच्या वतीनं कोणी करायला हवी होती. आज जगात हा पक्षी नष्ट होण्याच्या अगदी कडेला आहे. मारणं कमी झालं तर माळ नांगरले गेले, आणि उरलेल्यावर विजेच्या तारा आल्या.

त्या माळांवर तणमोर राखायला कोण उभं राहिलं? अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याचे फासेपारधी. कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेच्या कौस्तुभ पांढरीपांडे यांनी त्यांच्याबरोबर बसून, त्यांच्याकडून शिकत ते काम उभं केलं. गवत राखायचं, चराई आवरायची, विणीच्या काळात शिकार करायची नाही. घरटं कुठं असेल हे पारध्याला कळतं, कारण त्याच्या आज्याला ते धरण्यासाठी कळत होतं. तसंच आपल्या शेजारी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी पारध्यांच्या पोरांसाठी शाळा काढली. ते स्वतः फासेपारधी. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. मला ते नाव फार आवडतं.

आता जी खरोखरच चोरटी आहे त्या शिकारीकडे येतो. २०१३ च्या सुमारास मेळघाटातल्या वाघांची प्रकरणं बाहेर आली. मध्य प्रदेशातल्या कटनीकडच्या टोळ्या, लोखंडी जबड्याचे सापळे, पाणवठ्याच्या वाटेवर पुरलेले. वाघाचा पाय अडकतो, जबडा मिटतो, आणि मग काठ्या-भाल्यांनी मारतात. गोळी नाही, कारण गोळीनं कातड्याला भोक पडतं आणि आवाज होतो. २०२५ च्या जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याजवळ पुन्हा तशीच टोळी सापडली. तपासाचे धागे शिलाँगमार्गे म्यानमारपर्यंत गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या. राजस्थानातलं सरिस्काचं वाघांचं जंगल २००५ पर्यंत पूर्ण रिकामं झालं होतं, हे विसरून चालणार नाही. रक्षकांचा पगार चालू होता, हजेरीपट चालू होता, वाघ नव्हते.

पकडलेल्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पहिल्या अनुसूचीतलं जनावर मारलं तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गुरुजींचा प्रश्न इथं आडवा येतो. सापळा लावणारा त्या हाडांचं काय करणार? तो वाघाच्या हाडांची दारू पीत नाही. त्याच्या पालाला भिंतच नाही, तर तो कातडं टांगणार कुठं? सापळ्याच्या एका टोकाला त्याचा हात, दुसऱ्या टोकाला कुठल्यातरी शहरातली बैठक. खटल्यात पहिलं टोक येतं. दुसरं टोक आलेलं मी फार क्वचित वाचलं. मामाच्या फोटोत हाताचा धनी चौकटीच्या बाहेर होता, इथं उलट झालं आहे. हाताचा फोटो पेपरात येतो आणि बूटवाला चौकटीच्या बाहेर.

चांदूरच्या परिसरात मात्र माझ्या टेबलावर आलेली बहुतेक जनावरं टोळीनं मारलेली नव्हती. ती तारेनं मेली होती. पोहरा-मालखेडचं जंगल तुमच्या उशाशी. तिथून रोही आणि डुक्कर रात्री वावरात उतरतात. हिवाळ्यात तूर भरात असताना, चणा घाट्यावर असताना जागलीला गेलेला माणूस एका रात्रीत एकराचं नुकसान पाहतो. मग कोणीतरी विजेच्या तारेवर आकडा टाकतो आणि धुऱ्यावरून उघडी तार नेतो. सकाळी तारेला जे चिकटलेलं असतं त्यात कधी डुक्कर असतं, कधी रोही, कधी शेजाऱ्याचा बैल, कधी स्वतः शेतकरीही.

एका सकाळी बिबट होता. मादी. पंजाच्या गादीवर चवलीएवढा पांढरट डाग, कडा करपलेल्या, भोवतीचे केस जळलेले. बाकी अंगावर ओरखडा नाही. तोंडात गवत आणि माती, दात घट्ट मिटलेले. तो वास मला अजून येतो, लोकर जळल्यासारखा. पोट उघडलं तर आत तीन पिल्लं, जेमतेम केस फुटलेली. शेतकरी बांधावर उकिडवा बसलेला, दोन वनरक्षक त्याच्या बाजूला. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, तार म्या डुकरासाठी लावला होता. बिबट्याले म्या का आवतन देल्लं होतं?"

कायद्याच्या भाषेत ही शिकार आहे. मारणं, विष घालणं, फास लावणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणं, सगळं 'शिकार' याच शब्दात बसतं. कायद्याला तसं करावंच लागतं, नाहीतर प्रत्येक शिकारी डुकराचं नाव सांगून सुटेल. पण मी अहवाल लिहिताना 'विद्युतप्रवाहाने मृत्यू' हे दोन शब्द लिहिले आणि बराच वेळ तसाच बसलो. तो माणूस कोणाला काही दाखवणार नव्हता, उलट लपवणार होता. २०१७ मध्ये नागभीडकडे जय वाघाचा पोरगा श्रीनिवासन असाच तारेनं मेला आणि शेतात पुरलेला सापडला. ट्रॉफीवाला जनावर भिंतीवर टांगतो, तारवाला जमिनीत पुरतो. दोघांनाही एकच कलम लागतं. मला विचाराल तर तारवाला निर्दोष नाही. बैल आणि माणसं मरतात हे माहीत असूनही त्यानं तार लावली. पण त्याचा अपराध हौसेचा नाही, आणि त्याच्या तुरीचे पंचनामे वेळेवर झाले असते तर तार लागली असती का, हेही खटल्यात विचारलं गेलं पाहिजे.

२०१८ चा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल. धामणगाव तालुक्यात मंगरूळ दस्तगीर आणि अंजनसिंगी इथं तीन-चार दिवसांच्या अंतरानं दोन माणसं वाघानं मारली. चांदूरपासून धामणगाव दोन टेसनं. त्या आठवड्यात इथल्या बाया कापूस वेचायला जाईनात, माणसं मोटारसायकलवरून शेतात जाताना डबा वाजवत जात. तरणा नर होता तो, ब्रह्मपुरीकडून चालत आलेला. त्याच सुमारास यवतमाळात पांढरकवड्याकडे अवनी, म्हणजे टी-वन, हिचा शोध चालू होता. तिच्या नावावर तेरा बळी होते.

अवनीला २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी घातली. सर्वोच्च न्यायालयानं आधीच आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला होता, म्हणजे मारण्याला परवानगी होती. पण गोळी ज्यानं घातली तो नेमलेला नेमबाज नव्हे, त्याचा मुलगा होता. सोबत पशुवैद्यक नव्हता. यावर व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीनंही बोट ठेवलं. गावांत पेढे वाटले गेले. मी त्या पेढ्यांना नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानं सुटकेचा श्वास कसा घ्यावा हे मी सांगायचं नसतं. मात्र शिकाऱ्याला चांदीची वाघीण भेट दिल्याचं प्रकरण २०२१ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते वाचून मी दचकलो. सुटका हवी होती इथवर ठीक. तिची ट्रॉफी कधी झाली?

आणि आपल्याकडचा तो नर? तो गोळीविना उत्तरेकडे सरकत मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात गेला, सारणीच्या वीजकेंद्राच्या वस्तीजवळ डिसेंबरात धरला गेला. सोडला, पुन्हा वस्तीकडे आला, पुन्हा धरला. शेवटी भोपाळच्या वनविहारात गजाआड. हा न्याय झाला का, मला सांगता येत नाही. पाचशे किलोमीटर चाललेल्या पायांना पिंजरा म्हणजे काय, याची कल्पना ढोरांच्या डॉक्टरला असते. पण मंगरूळच्या घरातही एक जागा रिकामी आहे.

एक युक्तिवाद उरला, आणि तो हलका नाही. आफ्रिकेत, पाकिस्तानात शिकारीचे परवाने विकून जनावरं वाचवली जातात. गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर नावाचा पीळदार शिंगांचा रानबोकड आहे. वर्षाला मोजकेच परवाने, एकेकाची बोली लाखावर डॉलर, त्यातला ऐंशी टक्के वाटा गावाला. गावानं चोरटी शिकार थांबवली, मारखोर वाढला, २०१५ मध्ये त्याला धोक्याच्या यादीत खालच्या पायरीवर आणलं गेलं. झिम्बाब्वेत सेसिल सिंह २०१५ मध्ये एका अमेरिकन दंतवैद्यानं मारला तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण गावाला पैसा मिळतो म्हणून जंगल टिकतं, हे म्हणणं तेवढ्यानं खोटं ठरत नाही. मारखोराच्या गावकऱ्याला मी अमरावतीत बसून नीती शिकवणार नाही.

तरी आपल्या वाघाला हे लागू करा म्हणणाऱ्यांना माझी डॉक्टरकीची हरकत आहे. ट्रॉफीवाल्याला म्हातारं, खरजेलं जनावर नको असतं. त्याला सर्वांत मोठा नर हवा. वाघाच्या इलाख्यातला मोठा नर गेला की नवा नर येतो, आणि नवा नर आधीच्याची पिल्लं मारतो. एक परवाना, चार मृत्यू. कॅनडात अल्बर्टातल्या एका डोंगरावर मोठ्या शिंगांचे मेंढे वेचून मारले गेले, तर तीस वर्षांत पुढच्या पिढ्यांची शिंगंच लहान होत गेली. पारधी बिजवाई सोडतो आणि उरलेलं खातो. हा बिजवाईच भिंतीवर टांगतो.

माझं बोलणं संपत आलं. मामाच्या मुंडक्याचं काय झालं ते सांगून थांबतो. मामा गेला, वाडा पडला, मामेभावानं स्लॅबचं घर बांधलं. मुंडकं कधी जाहीर केलेलं नव्हतं, त्यामुळे कागद नाहीत. पोत्यात घालून ते माळ्यावर टाकलं होतं. मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. कोणी अनोळखी माणूस दोनदा येऊन गेला होता, जुनं काही आहे का विचारत, आणि दातांसह असेल तर चांगले पैसे देईन म्हणाला होता. भाऊ घाबरलाही होता आणि आकडा ऐकून थोडा मोहातही पडला होता. मी म्हटलं, त्या माणसाचं वर्णन आणि मुंडकं दोन्ही घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात जा, मी सोबत येतो.

आम्ही दोघं माळ्यावर चढलो. पोतं उघडलं. कसर लागली होती, एक कान गळून पडला होता, जिभेचा रंग उडून खालचं प्लास्टर पांढरं दिसत होतं. सुळे चारही जागेवर होते, मी सवयीनं मोजले. डोळा मात्र एकच. दुसरा कुठं गेला विचारलं, तर भावाचा नातू खालून ओरडला, "थो त आमी गोटी मनून खेळलो आबा. नालीत गेला."